गुलाबी पूर्वज आणि मोठ्या मायचा पाय

आमच्याकडे जुनी माणसं गुलाबी असतात. जुनी म्हणजे म्हातारी नव्हे, जुन्या काळातली. राजा असो, दासी असो, रानातला साधू असो, जो फार पूर्वी होऊन गेला तो गुलाबी. हे मला बाबांनी शिकवलं. बाबा झाडीपट्टीतल्या नाटकांचे पडदे रंगवायचे. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव नाटकं उभी राहतात, आणि त्याआधीचे दोन महिने आमच्या अंगणात राजवाडे, जंगलं आणि देवळं वाळत पडलेली असायची. पडद्यावरचे पहारेकरी, दासी, ऋषी बाबा एकाच साच्यातून काढत. कागदाला टाचणीनं भोकं पाडून केलेला एक चेहरा होता. त्याच्यावर कोळशाच्या पुरचुंडीनं थापटलं की खाली ठिपके उमटायचे. मिशी दिली की पहारेकरी, नथ दिली की दासी, दाढी दिली की ऋषी. आणि अंगाला गुलाबी रंग, कारण स्टेजच्या दिव्यात दुसरा रंग उठत नाही, असं बाबांचं म्हणणं.

बाबा गेले, पडदे छापून यायला लागले, आणि मी भिंतींकडे वळले. शाळेच्या भिंतीवर पाढे, दवाखान्याच्या भिंतीवर लसीकरणाचं बाळ. तेही गुलाबीच. सौंदडपासून केशोरीपर्यंत कुठंही तुम्हाला गुलाबी बाळ दिसलं तर ते माझं समजा. म्हणजे रंगवलेलं.

आमचं गाव नवेगाव बांधच्या तलावापासून फार लांब नाही. गावाबाहेर जंगलाच्या कडेला मोठमोठ्या दगडांची वर्तुळं आहेत. आम्ही त्यांना राक्षसाच्या चुली म्हणायचो आणि दुपारी एकटं तिकडं जायचो नाही. दोन-तीन वर्षांमागं नागपूरहून एक मॅडम आल्या, पोरं-पोरी घेऊन आल्या, ब्रशनं माती झाडत बसल्या, आणि त्या चुलींखालून माणसं निघाली. हाडं, मडकी, लोखंडी कुऱ्हाडी, मणी. मॅडम म्हणाल्या की ही अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची माणसं, इथंच राहायची, इथंच मेली. झालं. गावाला एकदम मिशा फुटल्या. जो तो शेजारच्या गावच्या लोकांना विचारायला लागला, ‘तुमच्याकडं काय निघालं गा? काहीच नाही? अरेरे.’

मग गावाची एक समिती झाली, समितीला एक अध्यक्ष झाले, आणि धानाचं जुनं गोदाम झाडून तिथं संग्रहालय करायचं ठरलं. मडकी कपाटात, आणि समोरच्या अख्ख्या भिंतीवर ते लोक कसे राहत असत याचं चित्र. अध्यक्षभाऊंनी मला बोलावलं. हा माणूस दिलदार, आवाज मोठा, डोक्यावर मात्र एक केस नाही. म्हणाले, ‘पोट्टी आपल्याच गावची आहे, बाहेरचा कायले पाहिजे? काढ बाप्पा, असं काढ का लोकाइनं पाहात राहिलं पाहिजे.’

मी काढलं. पंधरवडाभर शिडीवर उभी राहून मान मोडून घेतली. पुढं भाला घेतलेले पुरुष, मागं भाला घेतलेले पुरुष, एक डुक्कर, कोपऱ्यात चुलीपाशी एक बाई. सगळे उंच, सगळे तरुण, छात्या फुगलेल्या, आणि सगळे आमच्या घराण्याच्या रीतीनं गुलाबी. अध्यक्षभाऊ म्हणाले, ‘ज्जाम!’ मी फुगले. मग मॅडम आल्या.

मॅडम बारीक चणीच्या, गळ्यात चष्म्याची दोरी, रागावल्या की फार गोड बोलतात. बराच वेळ भिंतीपुढं उभ्या राहिल्या.

‘हे सगळे एकाच आईची मुलं आहेत का हो?’

‘नाही जी. वेगवेगळे आहेत. याला मिशी आहे.’

‘बरं. म्हातारी माणसं कुठायत?’

‘मेली असतील.’

‘लेकरं?’

‘झोपली असतील.’

‘आणि या बाईला एकटीलाच स्वयंपाक? एवढ्या सगळ्यांचा?’

आता काय सांगायचं? आमच्या घरी लग्नकार्यातही हेच चालतं. मॅडमनी मला कपाटापाशी नेलं आणि एकेक हाडाचा फोटो दाखवला. हे लहान मूल. हा दात झिजून गेलेला म्हातारा. ही ठेंगणी बाई, हा उंच माणूस, याच्या पाठीला बाक. आणि ही एक बाई, हिचा पाय लहानपणीच घोट्याजवळ मोडला, वाकडा जुळला, आणि तशा पायानं ती म्हातारी होईपर्यंत जगली. ‘जमिनीनं इतक्या तऱ्हेची माणसं सांभाळून ठेवली,’ मॅडम म्हणाल्या, ‘आणि तुम्ही त्यातून एकच काढलात. शिवाय या उन्हात तो गुलाबी राहिला कसा?’

मला असा राग आला म्हणता! बाबांचा साचा होता तो. घरी येऊन मी भांडी आदळली. पण भांडी आदळताना खिडकीतून बाहेर पाहिलं, तर रस्त्यानं काळे, सावळे, गव्हाळ, ठेंगणे, पोक आलेले लोक जात होते, आणि गुलाबी एकही नव्हता. होता एक, पण तो होळीचा रंग न निघालेला आमचा शेजारी.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीवर चुना फिरवला.

मॅडम म्हणाल्या, गावातलीच माणसं बघून काढा. मी आठवडी बाजारात वही घेऊन बसले, आणि तिथंच चुकले. गावभर बोभाटा झाला की भिंतीवर चढायचं असेल तर पोट्टीसमोर बसा. मग जी रांग लागली! एकाला घड्याळासकट काढायचं होतं. एक बाई म्हणाली, ‘मले थोडी उजळ काढजो वं, माहेरचे लोक पाहायले येतीन.’ एक म्हणाला, माझी बकरी घेत असशील तर मी येतो. मॅडमना फोन केला. बकरी चालेल म्हणाल्या. तो बकरीला आंघोळ घालून आला.

पण खरा तमाशा पुढं होता. हे पूर्वज नेमके कोणाचे? प्रत्येक मोहल्ल्यातून कोणी ना कोणी येऊन मला बाजूला घेई आणि हळूच सांगे की खरं तर ते आमचेच बरं का. मॅडम सांगून दमल्या की तेव्हा तुमच्यापैकी कोणाचंच नाव पडलेलं नव्हतं. शेवटी वस्तीतले निवृत्त गुरुजी गोदामात आले, काठी टेकून उभे राहिले आणि म्हणाले, ‘बाई, एक काम कर. कोणाच्या कपाळाले काही लावू नको, कोणाच्या गळ्यात ओळखीचं काही घालू नको. मंग पाहू कोण कसा भांडते.’ मी तसंच केलं. दोन दिवस शांतता होती. मग बकरी कोणाची, यावरून भांडण लागलं.

अध्यक्षभाऊ सगळ्यात शेवटी आले, लाजत. त्यांना मधोमध उभं राहायचं होतं, आणि केस पाहिजे होते. खांद्यापर्यंत. मी म्हटलं, भाऊजी, मॅडम नाही म्हणतील. त्यांनी स्वतःच मॅडमना विचारलं. मॅडम हसू दाबत म्हणाल्या, ‘हाडं राहतात, केस काही मातीत राहत नाहीत. त्यामुळं केसांचं आपल्याला ठाऊक नाही. काढा हवे तेवढे.’

‘केस राहत नाही ते मले माहीतच आहे,’ अध्यक्षभाऊ म्हणाले.

असे सगळे मिळाले. राहिली ती वाकड्या पायाची बाई. आणि तिच्यासाठी मला गावात कुठं फिरायची गरज नव्हती. ती माझ्याच घरात, माझ्याच ताटातलं उचलून खात, माझ्याच स्वयंपाकाला नावं ठेवत होती.

मोठी माय म्हणजे माझ्या बाबांच्या मोठ्या भावाची बायको. नवरा लवकर गेला, लेकरूबाळ नाही, मला तिनंच वाढवलं. बाजारात झिंगे, म्हणजे तलावातली सुकवलेली कोळंबी, विकते, आणि गिऱ्हाइकाला इतकं घालूनपाडून बोलते की ते घाबरून घेऊन जातं. लहानपणी बैलबंडीवरून पडून तिचा पाय मोडला, कोणीतरी बांबूच्या कामट्या बांधल्या, आणि तो जुळला तो बाहेरच्या बाजूला तोंड करून. चालताना तो पाय आधी निघतो, मोठी माय मागून जाते.

या पायापायी तिला कोणी कधी फोटोत धड उभं राहू दिलं नाही. दुष्टाव्यानं नव्हे, सवयीनं. ‘तू जराशी मांगं राय वं’ असं कोणी म्हणायचं, आणि ती जायची. आमच्या घरातल्या अल्बमात ती खुर्चीमागं आहे, नवरदेवाच्या जाड मामामागं आहे, एका फोटोत वासरामागं आहे. घरी पहिला फ्रीज आला तेव्हाचा फोटो आहे, त्यात आम्ही सगळे ओळीनं, आणि फ्रीजच्या वर मोठ्या मायचं फक्त डोकं. नवख्या माणसाला वाटावं की ते फ्रीजबरोबरच आलंय. सत्तरीच्या पुढं गेलेली बाई, आणि तिचा पायापासून डोक्यापर्यंत एक फोटो नाही.

मी तिला भिंतीचं विचारलं. आधी तिनं मला झिंग्यांच्या टोपलीनं मारायचं तेवढं ठेवलं.

‘मले पानं नेसवशीन? या वयात?’

मी सांगितलं की मॅडमना सूत कातायच्या चकत्या सापडल्यात, ते लोक कपडा नेसत होते. तिनं जरा विचार केला.

‘लुगडं कोणत्या रंगाचं?’

मला कळलं, आली. दोन दिवस ती गोदामात स्टुलावर बसली, हलली नाही, बोलली मात्र सतत. चेहरा भिंतीवर असा हुबेहूब उतरला की माझा मलाच हेवा वाटला. मी कमरेच्या खाली आले तशी ती म्हणाली, ‘पाय सरळ काढजो.’

मी म्हटलं, ‘मोठी माय, त्या पायासाठीच तर…’

‘पाय सरळ काढजो म्हणतो ना! साऱ्या जन्मात एक चित्र निघून राहिलं माहं. त्यातही लंगडी? मंग तोंड पुस माहं. दुसऱ्या कोणाले बसव.’

तिचा आवाज कापत होता. आजवर मी तिला फक्त दुसऱ्याचा आवाज कापवताना पाहिलं होतं. मी पाय सरळ काढला. अध्यक्षभाऊंना फारच आवडला. ‘बरं केलं,’ म्हणाले. ‘उद्घाटनाले मोठे पाहुणे येतीन. आमचे पूर्वज लंगडे होते म्हणून सांगाव काय?’ खांद्यापर्यंत केस सोडलेला त्यांचा पूर्वज भिंतीवरून त्यांच्याकडं अभिमानानं बघत होता.

मॅडमना अर्थातच आवडला नाही. ‘पाय सरळ असेल तर ती ही बाई नाही,’ त्या म्हणाल्या. ‘मग ती कोणीच नाही.’

मी चिडले. म्हटलं, मॅडम, तुमची बाई मेलीय, माझी जिवंत आहे आणि संध्याकाळी मला तिच्यासमोर जेवायचंय. तुम्हीच सांगा तिला. मॅडम म्हणाल्या, चला. मला वाटलं नव्हतं त्या खरंच येतील.

आल्या. चुलीजवळ मांडी घालून बसल्या. मोठ्या मायनं त्यांच्या ताटात झिंग्यांची चटणी इतकी वाढली की तो सरळसरळ हल्ला होता. मॅडमनी डोळ्यांतून पाणी काढत ती संपवली, आणि मग त्या बाईचं सांगितलं. पाय मोडला तेव्हा ती लहान होती. रानातलं जगणं, पळता येत नाही, ओझं नेता येत नाही. तरी तिचे दात झिजेपर्यंत ती जगली.

‘खायले कोण देत होतं तिले?’ मोठ्या मायनं विचारलं.

‘नाव नाही सांगता येणार. पण कोणीतरी देत होतं. पुष्कळ वर्षं.’

‘आणि गेली तवा? कुठंतरी कडेले पुरली असन.’

‘नाही. सगळ्यात मोठं वर्तुळ तिचं आहे. दोन्ही हातांत तांब्याच्या बांगड्या होत्या. उशाला मडकी ठेवलेली. तेवढे मोठे दगड आणायला सगळं गाव लागलं असणार.’

मोठी माय विस्तव उगाच सारखा करत राहिली. मग मॅडमना म्हणाली, ‘आणखी भात घे. वाळून राहिली नुसती.’

सकाळी मी शिडीवर होते तेव्हा दारात आधी पाय आला, मग मोठी माय आली. भिंतीपुढं उभी राहिली.

‘वाकडा कर.’

मी खाली उतरले. सरळ पाय पुसून वाकडा रेखला.

‘आणखी.’

‘तुझा एवढाच आहे.’

‘माहा नाही म्हणून राहिली मी, तिचा म्हणून राहिली. लोकाइले दुरून समजला पाहिजे. आणि बांगड्या कुठं आहेत? बांगड्या खाल्ल्या काय तू?’

बांगड्या काढल्या. तेवढ्यात अध्यक्षभाऊ टपकले आणि सुरू झाले, पाहुणे, गावाची इज्जत, सरळ होता तो काय वाईट होता. मोठ्या मायनं त्यांना पूर्ण बोलू दिलं. तिच्या बाबतीत हे चांगलं लक्षण नसतं.

‘तू शेंबूड वाहात फिरत होता तवापासून पाहातो मी तुले,’ ती म्हणाली. ‘माहा पाय सरळ पाहिजे ना? चाल, करतो. पण मंग पयले तुहे केस पुसाले लावतो. पोट्टे, दे इकडं तो चुना.’

अध्यक्षभाऊंचा हात आपोआप डोक्याकडं गेला. एकदा त्यांनी भिंतीवरच्या झुलपांकडं पाहिलं. ‘राहू द्या,’ म्हणाले. ‘पाय चांगलाच दिसून राहिला.’

उद्घाटन झोकात झालं. पाहुणे आले, भाषणं झाली, सगळ्यांना फेटे बांधले. बकरीवाला बकरी घेऊन आला होता, तिनं एका पाहुण्यांचा हार खाल्ला. गावातली माणसं भिंतीपुढं उभी राहून आपापल्याला शोधत होती, आणि सापडल्यावर असं ओरडत होती जणू पूर्वजच भेटले. फोटोग्राफरनं पाहुण्यांना भिंतीपुढं ओळीनं उभं केलं. मोठी माय तिथंच होती, नवं लुगडं, केसांना तेल. तो फोटोग्राफर बाहेरगावचा, त्याला काही ठाऊक नाही. म्हणाला, ‘आजी, तुम्ही जरा मागं व्हा.’ आणि इतक्या वर्षांची सवय, ती झाली की मागं. माझ्या हातात फराळाच्या प्लेटी होत्या, मी ओरडेपर्यंत त्याचं बटण दाबून झालं होतं.

पेपरात फोटो आला. मी तो तिच्यापासून लपवायचा विचार केला, पण बाजारात झिंगे बांधायला रद्दी लागते, आणि तिनं तो माझ्याआधीच पाहिला होता. घरी आली ती तणतणत. पेपर माझ्यापुढं आपटला. पाहुण्यांच्या ओळीमागं ती स्वतः फेट्यांत बुडाली होती, पण भिंतीवर मात्र ती होती, चांगली मोठी, बांगड्यांसकट. मी म्हटलं, ‘अवं, छान तर आली.’

‘पाय कुठं आहे?’

मी पाहिलं. अध्यक्षभाऊंच्या फेट्याचा तुरा नेमका भिंतीवरच्या त्या घोट्यावर आला होता.

‘पाय कुठं आहे म्हणतो मी! वाकडा काढाले लावला तो काय याच्या तुऱ्यात खुपसाले? काऊन झाकला? कोणाले विचारून झाकला?’

ती रडत होती. लाजेनं नव्हे, रागानं. मी पेपर घडी करून ठेवला, मोबाईल उचलला आणि तिला गाडीवर बसवलं. गोदामाला कुलूप. अध्यक्षभाऊंना फोन केला, ते बनियनवर चावी घेऊन धावत आले, बोडक्या डोक्यानं.

मोठी माय भिंतीपुढं गेली. भिंतीवरच्या बाईच्या पायाशी, जरा बाजूला उभी राहिली, पदर सावरला, आणि मग वाकून लुगडं घोट्याच्या वर धरलं. भर दुपारी, दार सताड उघडं, बाहेरून लोक जातायत.

‘पाय येऊन राहिला काय?’

मी मागं सरकले. आणखी मागं सरकले. माझे डोळे भरले होते, मोबाईलमध्ये सगळं धुरकट दिसत होतं.

‘येऊन राहिला.’

‘दोघींचा?’

‘दोघींचा.’

फोटो निघतोय म्हटल्यावर अध्यक्षभाऊंना राहवलं नाही. ते बनियन खाली ओढत, हसत, तिच्या पुढ्यात येऊन उभे राहिले.

‘ए गा,’ मोठी माय म्हणाली, ‘तू मांगं हो.’